उताऱ्याचा नारळ

जगातले सगळ्यात धोकादायक दहा रस्ते संदेशच्या मोबाइलमध्ये होते, आणि हरेशच्या जीपमधले झाडून सगळे पॅसेंजर ते बघण्यात गुंग झाले होते. टेंभरवाडीहून धसईला जाणारी सकाळची फेरी होती. मुरबाडला कॉलेजात जाणारा संदेश मधल्या बाकावर बसून मोबाइल उंच धरून सगळ्यांना दाखवत होता. बोलिव्हिया का कुठल्याशा देशातला डोंगर, एका अंगाला सरळ तुटलेला कडा, आणि त्या कडेकडेनं निघालेला एक ट्रक. भाजीची पाटी मांडीवर घेतलेली म्हातारी सकुबाई दर वळणाला तोंडाला पदर लावत होती.

"काय ती मानसं," ती म्हणाली. "जिवाची काय परवाच नाय त्यांना."

तेवढ्यात जांभळीचं वळण आलं. हरेशनं जीप उजवीकडं डोंगराच्या अंगाला घेतली आणि ती धडाधड खड्ड्यांत आदळायला लागली. मोबाइल संदेशच्या हातातून निसटला. सकुबाईची वांगी खाली घरंगळली.

"रे हरेश, खड्ड्यातनं काय नेतोस? तो बाजूचा रस्ता बग कसा पाटासारखा हाय," सकुबाई कावली. "सगळी त्याच्यावरनं जातात. तुलाच कसले डोहाळे लागलेत?"

"त्या पाटाखाली काय नाय आजी. पोकळ हाय."

"तुला कुठं पोकळ दिसलं?"

"खाली जाऊन बगलं म्हनून दिसलं."

मागं कुणीतरी हसलं. संदेशनं मोबाइल पुसला, काच फुटली नसल्याची खात्री केली आणि सातव्या क्रमांकाचा रस्ता लावला. हरेशनं दात आवळले. बोलिव्हियातल्या कड्यावर यांचा विश्वास बसतो; रोजच्या कड्यावर बसत नाही.

हरेशला ते पोकळ दिसलं होतं श्रावणाच्या शेवटी. रेडिएटरला पाणी हवं होतं म्हणून तो वळणाखालच्या ओहोळात डबा घेऊन उतरला. डबा भरून सहज वर बघतो तर रस्त्याला खालून धरून ठेवणारी दगडी भिंत आठ-दहा पावलं लांब ढासळलेली, माती पावसानं धुऊन नेलेली, आणि दोन माणसं उकिडवी बसतील एवढी पोकळी. वर छतासारखं नुसतं डांबर आणि खडी, आणि त्यातून लोंबणारी जांभळीची मुळं. तो बघत असतानाच वरून एक मोटारसायकल गेली आणि पसाभर माती त्याच्या डब्यात पडली.

आता गंमत अशी, गंमत कसली, डोक्याला ताप असा, की त्या वळणावर डोंगराकडची बाजू झऱ्याच्या पाण्यानं पार उखडलेली होती आणि दरीकडची बाजू मात्र नव्या नवरीसारखी नीटनेटकी. त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण, डावं-उजवं विसरून, त्या दरीकडच्या गुळगुळीत पट्ट्यावरून जायचा. जिथं मरण होतं तिथंच काय तो रस्ता होता.

हरेशनं काय केलं नाही? तालुक्याला रस्त्याच्या ऑफिसात अर्ज दिला. मग दुसरा दिला. सात अर्ज झाले. तिथला कारकून त्याला नावानं ओळखायला लागला आणि चहाही विचारायला लागला, पण वळणावर माणूस काही आला नाही. ग्रामसभेत तो उठून बोलला तर लोक म्हणाले, आधी खड्ड्यांचं बोल. त्यानं कडेला दगड रचून त्यात निरगुडीची फांदी खोचली. मोटारसायकलवाल्यांनी दगड लाथाडून बाजूला केले, कारण तेवढाच एक तर धड पट्टा. त्यानं माती भरलेला पत्र्याचा ड्रम आणून ठेवला. ड्रम तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी परसात पाणी साठवायला गेला. माती मात्र माणसानं प्रामाणिकपणे तिथंच ओतली होती.

आणि या सगळ्यात अक्षयची गाडी. अक्षय टेंभरवाडीतलाच, पंचविशीचा पोरगा, वाडीतल्या तेरा पोरांना धसईच्या शाळेत नेणारी मॅजिक चालवायचा. गाडीत गाणी मोठ्यानं लावायचा आणि उतरताना त्या पट्ट्यावरून अशी सुसाट गाडी काढायचा की पोरं आनंदानं ओरडायची. हरेशनं त्याला दहा वेळा सांगितलं.

"काका, तुमची गाडी जुनी झाली म्हनून तुमाला सगळं जुनं दिसतं," अक्षय हसून म्हणायचा. उर्मट नव्हता तो. फक्त ऐकत नव्हता.

हरेशची मुलगी दिशा पाचवीत होती. तिला त्यानं मॅजिकमधून काढलं आणि आपल्या जीपमध्ये पुढं बसवायला लागला. चार दिवस ती गप्प बसली. पाचव्या दिवशी वळण मागं पडल्यावर तिनं विचारलं, "बाबा, मी इकडनं जाते ते बरंय. पन रुचिता नि बाकीची तिकडनंच जातात ना?"

त्या दिवसापासून मॅजिक सुखरूप धसईला पोचलेली दिसेपर्यंत हरेशच्या घशाखाली चहा उतरेना. बारा पोरं होती तिच्यात, आणि रोज दोन वेळा ती त्या छतावरून जात होती.

मग एक दिवस धसईच्या तिठ्यावर त्याला एक गोष्ट दिसली. अक्षयची मॅजिक बाजारातून जोरात आली. बैल आडवा होता, त्याला चाटून गेली. भाजीवाली ओरडली, तिच्याकडं बघितलं नाही. आणि तिठ्याच्या मधोमध पोचल्यावर मात्र करकचून ब्रेक लागला, गाडी हातभर वळसा घेऊन कडेनं गेली. तिठ्यावर कुणीतरी उतारा टाकला होता. सुपलीत दहीभात, लिंबू, नारळ, गुलाल.

हरेश जीपला टेकून बराच वेळ त्या सुपलीकडं बघत राहिला.

त्याला तिची भीती नव्हती. उलट अख्ख्या पंचक्रोशीत उताऱ्यातला नारळ खाणारा माणूस म्हणून तो ठाऊक होता. कुणाची दृष्ट काढून, कुणाची पीडा उतरवून लोक तिठ्यावर नारळ टाकत. बाकीचे तो ओलांडायलाही घाबरत, आणि हरेश जीप थांबवून तो उचलून घरी नेई. अनिता, त्याची बायको, त्या नारळाला बोट लावत नसे, म्हणून तो स्वतःच खवून चटणी वाटायचा. दिशा त्याच्याबरोबर बसून खायची. "आमाला काय झालं का?" असं तो लोकांना विचारायचा, आणि लोक मनात म्हणायचे, होईल एक दिवस. अशा माणसानं आता उतारा मांडायचा म्हणजे स्वतःच्याच थोबाडीत मारून घेण्यासारखं होतं. पण थोबाडीत बसली तर बसली, पोरं तरी वाचतील.

घरातल्या तांदळाचा भात द्यायला अनितानं साफ नकार दिला.

"अवो, खोटा उतारा कोन मांडतं का? खऱ्याहून वाईट तो."

"खोट्याचं काय वाईट होनार?"

"ते मना नाय माहीत. पन माज्या चुलीवरचा भात तिथं जानार नाय."

शेवटी त्यानं हॉटेलातून साधा भात आणला. काळी बाहुली, लिंबं, बिब्बे, गुलाल बाजारातून घेतले. दुकानदारानं त्याच्याकडं दोनदा निरखून पाहिलं. दुसऱ्या दिवशी फटफटताच वळणावर जाऊन त्यानं त्या गुळगुळीत पट्ट्याच्या ऐन मध्यावर सुपली मांडली, भोवती गुलालाचं कडं काढलं, आणि जरा दूर जाऊन आपलं काम कसं दिसतंय ते पाहिलं. फारच चांगलं दिसत होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

सात अर्जांनी जे झालं नाही ते एका सुपलीनं एका सकाळीत केलं. पहिला दूधवाला आला, थबकला, डोंगराच्या अंगाला जाऊन खड्ड्यांतून हळूहळू गेला. मागून अक्षयची मॅजिक आली. गाणी बंद झाली. गाडी बैलगाडीच्या चालीनं खड्डे ओलांडत पलीकडं गेली. हरेश जांभळीमागं उभा होता. त्याला हसू येत होतं आणि संतापही येत होता, आणि दोन्हींतलं जास्त कोणतं ते त्याला ठरवता येईना.

कावळे भात खाऊन जात, म्हणून तो दर तीन-चार दिवसांनी सामान ताजं करी. पुढं तेही करावं लागेना. सकुबाईनं जीपमध्येच सांगायला सुरुवात केली की त्या वळणावर हिरव्या लुगड्यातली बाई उभी असते, तिनं स्वतः पाहिली नाही पण पाहणाऱ्याला पाहिलं आहे. जागेला नाव झालं तसे लोक आपापले उतारे तिथं आणून टाकायला लागले. दिवाळीपर्यंत पट्टा नारळा-लिंबांनी भरून गेला. चाकच काय, शेळीसुद्धा तिकडं जाईना. हरेशचा चहा घशाखाली उतरायला लागला.

आणि नेमका तेव्हा रस्त्याच्या कामाला डंपर आला.

भात कापून झालं होतं, खळ्यांवर झोडणी चालू होती. डंपर, डांबराची टाकी, रोलर आणि दहा-बारा मजूर असा लवाजमा घाट चढून वळणावर थांबला. हरेश जीप घेऊन परत येत होता. त्याला वाटलं, सातव्या अर्जाला पाय फुटले. तो धावत गेला. मुकादम दिनेश कंबरेवर हात ठेवून त्या नारळांकडं बघत उभा होता.

"आमी डोंगराकडचे खड्डे भरून निघतो," दिनेश म्हणाला. "त्या बाजूला माझा एक मानूस पाय ठेवनार नाय. बायकापोरांची मानसं हाईत ती."

"अरे पन खरं काम तिकडंच हाय. खालनं पोकळ झालंय. भिंत पडलीय."

"तिथं काय हाय ते दिसतंय आमाला."

रस्ता अडल्यामुळे गाड्या थांबल्या होत्या. सकुबाई होती, संदेश होता, अक्षय मॅजिकमधून उतरला होता. हरेशनं सगळ्यांकडं एकदा बघितलं. हीच वेळ होती. दगड-खडी दारात आली होती. आज हे लोक गेले की पुढल्या वर्षीपर्यंत यायचे नाहीत. आणि यांनी कडेला हात लावावा तर भीती घालवायला हवी, आणि भीती घालवायची तर एकच माणूस ती घालवू शकत होता.

"तो पहिला उतारा मी मांडला," तो म्हणाला. "हिरवी बाई नाय नि काय नाय. गाड्या कडेनं जाऊ नयेत म्हनून मी मांडला. भात धसईच्या हॉटेलातला होता."

सकुबाई म्हणाली, "काम व्हावं म्हनून बोलतोय तो."

तेव्हा हरेश पट्ट्यावर गेला. कडेपासून अंतर राखून, पावलं जपून टाकत गेला, पण लोकांना ते भीतीनं वाटलं असेल. त्यानं एक ताजा नारळ उचलला, दगडावर फोडला, पाणी प्यायला आणि खोबऱ्याचा तुकडा दातानं तोडून सगळ्यांसमोर चावून खाल्ला. मग दुसरा फोडला. तिसरा फोडला तेव्हा मजुरांतला एक जण हसला, आणि मग सगळेच हसले. सकुबाई हसली नाही. दिनेशनं खराटा मागवला.

"चला, झाडा," तो म्हणाला.

नारळ, बाहुल्या, सुपल्या सगळं दरीत गेलं. हरेश त्याला हाताला धरून म्हणाला, आता खाली चल, भिंत दाखवतो. दिनेशनं खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"दादा, भिंतीचं काम वेगळं असतं. त्याचं वेगळं टेंडर. आमचं हे बग, खड्डे भरने नि वरनं डांबराचा थर. या टोकापासनं त्या टोकापर्यंत."

"पोकळीवर थर देनार तू?"

"मी नाय देत. कागद देतो."

हरेश ओरडला, हातापाया पडला, रोलरपुढं उभा राहिला. त्याचं बोलणं खरं वाटलं ते फक्त एका माणसाला, रोलरवाल्याला. तो खाली उतरला, वाकून कडा बघून आला, आणि कडेची सहा-सात फूट जागा सोडून त्यानं आपला रोलर फिरवला. तेवढं डांबर मजुरांनी हातानं चोपून बसवलं. रोलर वाचला. संध्याकाळपर्यंत वळण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काळंभोर, रुंद आणि सुंदर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी गाड्या अशा वेगानं वळायला लागल्या की विचारू नका. खड्डे नव्हते, भीती नव्हती. चढणारी गाडी डोंगराच्या अंगानं, उतरणारी दरीच्या अंगानं, म्हणजे अगदी नियमानं, आणि उतरणाऱ्या गाडीचा नियम बरोबर त्या पोकळीवरून जात होता. संदेशनं वाडीच्या ग्रुपवर फोटो टाकला: आपला घाट, आता एकदम फास्ट. खाली अंगठ्यांची रांग लागली.

हरेशनं पुन्हा उतारा मांडून पाहिला. वेड्यासारखं होतं, पण दुसरं सुचेना. सकाळी अक्षयची मॅजिक आली, सुपलीपाशी थांबली. अक्षय उतरला, त्यानं नारळ उचलला, बंपरवर फोडला आणि पोरांना वाटला.

"खा रे. हरेशकाकांचा परसाद हाय."

पोरं खिडकीतून हात काढून खोबरं मागत होती. गाडी पोकळीच्या बरोबर मध्यावर उभी होती. हरेश पळत निघाला, धड ओरडताही येईना, ओरडला तर पोरं घाबरून एका बाजूला होतील असं त्याला वाटलं. तो पोचेपर्यंत गाणी सुरू झाली आणि गाडी निघूनही गेली. नव्या डांबरावर, कडेपासून दोन हातांवर, केसासारखी बारीक भेग पडलेली त्याला दिसली. तो खाली बसला. लोकांची अक्कल काढण्याचं त्राणही आता त्याच्यात उरलं नव्हतं. एकच गोष्ट लोकांना त्या कडेपासून लांब ठेवत होती, आणि ती त्यानं स्वतःच्या दातांनी चावून खाल्ली होती.

दुपारच्या फेरीला तो गेला नाही. जीप घेऊन वळणावर आला, भेग सुरू होते त्याच्या सहा पावलं वर, भक्कम जमिनीवर, उतरणाऱ्या बाजूला त्यानं ती आडवी लावली. जॅक काढला. एकेक करून चारही चाकं सोडवली आणि धुऱ्याखाली दगड रचून गाडी त्यावर बसवली. बावीस वर्षांची गाडी ती. तिचं एक चाक काढायचं झालं तरी तिला गोंजारत बोलणारा माणूस तो. त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. चाकं दोन फेऱ्यांत ढकलत घरी नेली आणि माजघरात भिंतीला लावली.

अनिता दारात उभी होती. "चाकं घरात कशाला?"

"बाहेर ठेवली तर कोनीतरी नेऊन परत गाडीला लावंल."

"मंग धंदा?"

अनिता ओलं फडकं आणून त्यांच्यावरची माती पुसायला बसली. "दिशा शाळेत कशी जानार?" तिनं विचारलं.

हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. जीप नाही म्हणजे दिशा पुन्हा अक्षयच्या गाडीत जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून शिव्यांचा पाऊस पडला. अक्षयनं चार माणसं घेऊन जीप ढकलायचा प्रयत्न केला. दगडावर बसलेली जीप कुठं हलते? गाड्यांना डोंगराच्या बाजूनं एकेक करून जावं लागायला लागलं. सकुबाई म्हणाली, उताऱ्यातलं खाल्लं, शेवटी डोक्यात गेलं. संदेशनं फोटो काढला आणि मोबाइलवरूनच तक्रार टाकली: रस्त्यात वाहन उभे करून अडथळा.

आणि काय सांगावं, तक्रारीच्या दुसऱ्याच दिवशी शाळा सुटायच्या वेळेला साहेब हजर. पांढरी गाडी, बरोबर एक शिपाई, हातात कागद. सात अर्जांना जो रस्ता सापडला नव्हता तो एका फोटोला सापडला. हरेश जीपच्या बंपरवर बसला होता. तो उठलासुद्धा नाही.

"गाडी तुमची?" साहेबांनी विचारलं. "हे काय चालवलंय? नवीन रस्ता आहे. नोटीस आणलीय मी. आजच्या आज गाडी हलली पाहिजे."

बोलता बोलता ते जीपचा फोटो घ्यायला मागं मागं सरकत होते. अख्खी जीप चौकटीत मावेना म्हणून आणखी मागं.

"साहेब, तिथं उभं नका राहू," हरेश म्हणाला.

"का?"

"तुमच्या पायाखाली भेग हाय. बगा."

साहेबांनी खाली पाहिलं. भेग आता केसासारखी नव्हती. तिच्यात करंगळीचं टोक गेलं असतं. ते बाजूला झाले. आणि मग, त्यांच्या नावानं एवढं तरी लिहिलं पाहिजे, स्वतःहून म्हणाले, "खाली जायला वाट आहे का?"

बूट घसरत, झुडपं धरत ते हरेशच्या मागं ओहोळात उतरले. वर पाहिलं. श्रावणात दोन माणसं मावत होती, आता चार मावली असती. जांभळीची मुळं उघडी पडून हवेत लोंबत होती. त्याच वेळी वर अक्षयच्या गाडीची गाणी ऐकू आली. ती शाळेतून पोरांना घेऊन चढत होती, म्हणजे डोंगराच्या बाजूनं, पोकळीपासून लांब. तरीही छतातून मातीची धार सुटली आणि साहेबांच्या डोक्यावर, खांद्यावर पडत राहिली. गाडी गेल्यावर थांबली. पोरांचा आवाज वळणापलीकडं विरला.

साहेबांनी केसांतली माती झटकली नाही. "किती पोरं असतात त्या गाडीत?"

"बारा. आता तेरा. माझी पन हाय."

"अर्ज दिला होता तुम्ही?"

"सात."

वर आल्यावर साहेब जीपच्या मोकळ्या धुऱ्यांकडं, खालच्या दगडांकडं बघत राहिले.

"ही गाडी राहू द्या इथंच," ते म्हणाले.

"आं?"

"भिंतीचा प्रस्ताव करतो. मंजुरी, टेंडर, मार्च तरी उजाडेल. माझ्याकडून दोन दिवसांत पिंपं येतील, बोर्ड येईल. पण पिंपं लोक नेतात."

"नेतात," हरेश म्हणाला.

"ही कोणी नेणार नाही. तोवर राहू द्या."

हरेशला हसावं की साहेबांची गचांडी धरावी ते कळेना. तीन महिने ज्यांच्या दारात चपला झिजवल्या त्यांच्याकडं आडवं घालायला काही नव्हतं म्हणून शेवटी त्याचीच गाडी भिंतीच्या जागी उभी राहणार होती, मार्चपर्यंत. आणि तो काय करणार होता मार्चपर्यंत, ते साहेबांनी विचारलं नाही. साहेब गाडीत बसायला निघाले, आणि शिपाई खाकरला.

"साहेब, नोटीस?"

साहेब अवघडले. "ती निघालीय. नंबर पडलाय. द्यावी लागेल."

हरेशनं सही करून नोटीस घेतली. चोवीस तासांत वाहन न हलवल्यास कारवाई होईल, असं तिच्यात लिहिलं होतं. त्यानं ती घडी घालून जीपच्या कप्प्यात, सातही अर्जांच्या पोचपावत्यांबरोबर ठेवून दिली.

पुढल्या सकाळी तो धसईला पायी निघाला. खळ्यावर झोडणीला माणसं हवी होती, आणि दुसरं काम नव्हतं. दिशाला त्यानं वाडीतच अक्षयच्या गाडीत बसवून दिलं होतं. ती रुचिताशेजारी खुशीत बसली होती. त्याचा चेहरा बघून अक्षय फक्त "नेतो सावकाश" एवढंच म्हणाला, आणि या बोलण्यावर हरेशचा काडीचाही विश्वास नव्हता. तो आडवाटेनं तरातरा चालत मॅजिकच्या आधी वळणावर पोचला.

जीपच्या बॉनेटवर एक नारळ ठेवलेला होता. समोरच्या काचेवर कुंकवाची पाच बोटं, आरशाला झेंडूची माळ, आणि दगडांभोवती गुलालाचं कडं. सकुबाई भाजीची पाटी शेजारी ठेवून हात जोडून उभी होती. तिनं हरेशकडं रागानं बघितलं.

"याला हात लावशील तर बग," ती म्हणाली. "तुझी खोड मना ठाऊक हाय."

त्याला तिला सांगायचं होतं की आजी, ही माझी गाडी आहे, हिच्यात काही नाही, खाली पोकळी आहे, खाली चल, दाखवतो. तीन महिने हेच तर सांगत होता तो. सवयीनं त्याचा हात नारळाकडं गेलाही होता.

वरून गाणी ऐकू आली. मॅजिक वळणावर आली. अक्षयनं जीप बघितली, कुंकू बघितलं, गाणी बंद केली. गाडीचा वेग कमी झाला, अक्षयचा हात आधी कपाळाला आणि मग छातीला लागला, आणि मॅजिक डोंगराला घासेल इतकी उजवीकडं होऊन, पावलापावलानं पलीकडं गेली. मागच्या खिडकीतून दिशा हात हलवत होती.

बॉनेट उताराचं होतं, नारळ एका बाजूला कलंडला होता. हरेशनं तो उचलून नीट मधोमध ठेवला, खाली एक खडा लावला, आणि धसईच्या वाटेला लागला.